चहा, डोकेदुखी आणि पाचवे शील



गेल्या वर्षावासातील गोष्ट. आमच्या वस्तीतील विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन मी करतो, कारण मी शिक्षक आहे आणि वस्तीतील लोकांना माझ्या वाचण्याची सवय झाली आहे. त्या संध्याकाळी पंचशीलावर बोलता बोलता मी पाचव्या शीलाशी जरा जास्तच रेंगाळलो. दारूने घर कसे बुडते, दीक्षा घेऊनही ज्यांची बाटली सुटत नाही ते बाबासाहेबांना कसे तोंड दाखवणार, असे बरेच काही बोललो. वाचन संपले. नेहमीप्रमाणे चहाची किटली आली. मी एक कप घेतला, मग दुसरा घेतला. तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक वयस्क उपासक, ज्यांना सारी वस्ती आबा म्हणते, हसून म्हणाले, “गुरुजी, तुम्ही आमले दारू सोडा म्हणतस. मंग तुमले च्या सुटत नही का?”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. दिवसाचे सात कप मी पीत होतो. सकाळी उठल्या उठल्या एक, शाळेत निघताना एक, मधल्या सुट्टीत दोन, घरी आल्यावर एक, विहारात दोन. आबांना उत्तर देण्यासाठी काय बोलावे हे सुचेना, म्हणून करून दाखवावे असे ठरवले. पुढच्या पौर्णिमेला अष्टशील घ्यायचे आणि त्या दिवसापासून चहा बंद.

तुम्हाला हे प्रकरण किरकोळ वाटेल. देशात एवढे प्रश्न असताना मास्तर चहावर लेख कसला लिहितो, असेही कोणी म्हणेल. परंतु त्या तीन दिवसांत मी स्वतःविषयी, शीलाविषयी आणि आपल्या दारू सोडू पाहणाऱ्या बांधवांविषयी जे शिकलो ते मला कोणत्याही पदवीच्या अभ्यासक्रमात शिकायला मिळाले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पौर्णिमेची सकाळ चांगली गेली. दुपारी डोके जड झाले. संध्याकाळी कपाळाच्या दोन्ही बाजूंनी कोणी दोरी आवळावी तसे होऊ लागले. दुसऱ्या दिवशी शाळेत तर डोळे उघडे ठेवणे कठीण झाले. एका मुलाने त्रैराशिकाचे गणित पुन्हा समजावून मागितले. एवढाच त्याचा गुन्हा. मी त्याच्यावर असा ओरडलो की वर्ग चिडीचूप झाला. घरी आल्यावर मुलीच्या हातून पाणी सांडले, तिच्यावरही खेकसलो. तेव्हा पत्नी शांतपणे म्हणाली, “तुम्ही शील पाळताय की आमच्यावर राग काढताय?”

मला उत्तर देता आले नाही. रात्री कोपऱ्यावरच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणून घेतली. अर्ध्या-पाऊण तासात डोके उतरले. बरे वाटल्यावर गोळीच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचली. औषधाच्या नावापुढे लिहिले होते, कॅफिन. म्हणजे जे मी कपातून सोडले होते तेच गोळीतून परत घेतले होते! त्या रात्री मी एकटाच बराच वेळ हसत बसलो.

आता आपण विचाराला लागू. आबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर काय? चहा पिणे हा पाचव्या शीलाचा भंग आहे काय? आणि नसेल, तर चहाविना ज्याचे डोके फुटते तो माणूस मुक्त आहे काय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते वेगळे ठेवूनच विचार केला पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. नाही, चहाने शीलभंग होत नाही. पाचवे शील मद्याविषयी आहे, आणि त्यात मद्याला नाव दिले आहे ते प्रमादाचे स्थान म्हणून. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मद्य प्यायलेल्या माणसाची शुद्ध हरपते. मग तो बाकीची चारही शीले मोडू शकतो. मारतो, चोरतो, खोटे बोलतो, परस्त्रीची छेड काढतो. म्हणून या शीलाला चारही शीलांचे कुंपण म्हणता येईल. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी प्रतिज्ञा दारूविषयी आहे, तिचेही कारण हेच. चहाने कोणाची शुद्ध हरपत नाही. उलट झोप उडते. बाराव्या शतकाच्या अखेरीस एइसाई नावाच्या जपानी भिक्खूने चीनमधून चहाचे बी आपल्या देशात नेले आणि पुढे चहाच्या गुणांवर पुस्तकही लिहिले. ध्यानाला बसणाऱ्या भिक्खूंना जागे राहण्यासाठी चहा उपयोगी पडे. श्रीलंकेत भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, पण बिनदुधाचा कोरा चहा घेतात. म्हणजे अष्टशील घेतले तरी चहा सोडण्याची सक्ती माझ्यावर नव्हती. मी तो सोडला तो आबांसमोर मान ताठ ठेवण्यासाठी. त्यात शील थोडे आणि अहंकार फार होता, हे आज कबूल करतो.

चहाला निषिद्ध ठरवण्याची घाई आपण करू नये याला आणखी एक कारण आहे. आपल्या समाजाला सोवळ्या-ओवळ्याचा अनुभव नवा नाही. या महाराष्ट्रात चहाचा कप हा धर्म बुडवणारा मानला गेला होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या सभेला शहरातील बडी मंडळी गेली होती. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. एवढ्यावरून पुण्यात गदारोळ उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या विद्वान सुधारकालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाने ज्यांचा धर्म बाटत होता त्यांच्याच समाजव्यवस्थेत आपले पूर्वज माणूस म्हणूनही मोजले जात नव्हते.

आणि दुसरे चित्र पाहा. कोल्हापूरच्या राजवाड्यात गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य सेवक होते. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले आणि मदत केली. कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? लोक येईनात. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवून कांबळ्यांच्या हातचा चहा घेऊ लागले, आणि सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. त्या कपात केवळ चहाची पत्ती नव्हती. त्यात माणुसकीची मान्यता होती.

आपल्या गावोगावच्या हॉटेलांत आपल्यासाठी वेगळा कप असे. तो बाहेर खुंटीला नाहीतर वळचणीला अडकवलेला असे, आणि पिऊन झाल्यावर तो आपणच धुवायचा असे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने ही प्रथा गुन्हा ठरवली. आपल्या वडीलधाऱ्यांनी हॉटेलात बाकावर बसून, सगळ्यांच्या कपातून चहा प्यायला सुरुवात केली, तेव्हा तो त्यांच्या दृष्टीने सत्याग्रहच होता. म्हणून मी माझ्या तरुण मित्रांना विनवतो की, धम्माच्या नावाने चहाचे नवे सोवळे माजवू नका. कोणाच्या घरी गेलात आणि त्याने प्रेमाने कप पुढे केला, तर “मी बौद्ध आहे, मला चालत नाही” असे म्हणून त्याचा अपमान करू नका. तसे बौद्ध धम्मात कोठेही नाही.

येथे पहिला प्रश्न संपतो. दुसरा प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात तत्त्व आणि नियम यांत भेद केला आहे. अहिंसेच्या संदर्भात त्यांनी तो विशेष स्पष्ट केला. नियम सांगतो, हे कर आणि हे करू नको. तेथे विचाराला जागा राहत नाही. तत्त्व माणसाला विचार करायला लावते आणि निर्णयाची जबाबदारी त्याच्यावरच टाकते. पाचव्या शीलाकडे आपण केवळ नियम म्हणून पाहिले तर “चहा त्यात नाही” म्हणून मोकळे होऊ. तत्त्व म्हणून पाहिले तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो. माझे मन माझ्या ताब्यात आहे की एखाद्या वस्तूच्या? ज्या वस्तूने मी बेसावध होत नाही, पण जी न मिळाल्यास मी बेसावध होतो, तिच्याविषयी काय म्हणायचे? त्या दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलावर ओरडलो, तो प्रमाद नव्हता तर काय होते?

तेव्हा ही डोकेदुखी येते कोठून हे समजून घेऊ. तथागतांनी शिकवले की दुःखाला कारण असते आणि कारण कळल्याशिवाय दुःखाचा निरोध होत नाही. येथे कारण विज्ञानाने शोधून ठेवले आहे. चहा-कॉफीत कॅफिन नावाचे द्रव्य असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी ते १८१९ मध्ये कॉफीच्या बियांतून वेगळे केले. आपण जागे राहतो, काम करतो, तसतसे मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. मेंदूतील पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तेथे ते जाऊन बसले की आपल्याला थकवा व झोप जाणवते. कॅफिनची घडण अ‍ॅडेनोसिनसारखी असल्यामुळे ते त्याच जागा अडवून बसते. थकवा जात नाही, थकव्याचा निरोप तेवढा पोहोचत नाही. रोज असे होऊ लागले की शरीर अशा जागा वाढवते. म्हणून कालच्या एका कपाने जे भागत होते त्याला आज दोन लागतात. आणि एखाद्या दिवशी कॅफिन आलेच नाही, तर अ‍ॅडेनोसिनला सगळ्या जागा मोकळ्या मिळतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, डोके ठणकू लागते, अंग जड होते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही.

शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत हा त्रास सुरू होतो, एक-दोन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि दोन ते नऊ दिवसांत मावळतो. चहा-कॉफी एकाएकी सोडणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना डोकेदुखी होते असे अभ्यासकांना आढळले आहे. दिवसाला शंभर मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे दोन-तीन कप चहा, एवढ्यानेही ती जडू शकते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानग्रंथात कॅफिन सोडल्यावर होणाऱ्या त्रासाला स्वतंत्र नोंद दिली आहे. तेव्हा कोणी “चहा नाही मिळाला म्हणून डोके दुखते” असे म्हणाले तर ते ढोंग समजू नका. ते खरे दुखणे आहे.

कोणी येथे आक्षेप घेईल. गुरुजी, माणूस भाकरीवाचूनही राहू शकत नाही, पाण्यावाचूनही राहू शकत नाही. मग त्यालाही गुलामी म्हणाल काय? आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर असे की, भूक आपल्याला निसर्गाने दिली आहे आणि भाकरी ती भागवते. सकाळच्या चहाची गोष्ट तशी नाही. सकाळी जे डोके जड असते ते बरेचसे कालच्या चहानेच जड केलेले असते, आणि आजचा कप ते पूर्ववत करतो. सावकाराचे कर्ज आपल्या आजा-पणजांनी पाहिले आहे. एका हंगामात घ्यायचे, पुढचा हंगाम व्याज फेडण्यात घालवायचा, आणि फेडल्यावर पुन्हा सावकाराचेच उपकार मानायचे. पहिल्या कपाने तरतरी आली असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील मोठा भाग हा फेडलेल्या व्याजाचा असतो. तथागतांनी तृष्णेला आणि तिच्यातून येणाऱ्या उपादानाला, म्हणजे घट्ट धरून ठेवण्याला, दुःखाचे मूळ म्हटले. उपादान म्हणजे काय हे मला पाली शब्दकोशाने जेवढे समजावले नाही तेवढे त्या डोकेदुखीने समजावले.

तरीही येथे थांबून सगळ्यांना “चहा सोडा” असा उपदेश करायला माझी जीभ धजत नाही. त्याचे कारण माझी आई आहे.

माझी आई नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर कामाला जाई. ज्यांनी त्या पथाऱ्या पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. हिवाळ्यात दूरवर लाल मिरची पसरलेली असते, ठसक्याने डोळे-नाक वाहत असते, आणि बाया दिवसभर बसून मिरची निवडतात, देठ खुडतात. हाताची आग रात्रीही थांबत नाही. आई पहाटे निघताना कोरा चहा पिई, दुपारी चहात भाकरी कुस्करून खाई, आणि भाकरी कमी असली तर नुसता चहा घेई. आम्हा भावंडांना वाटे, आईला चहा फार आवडतो. मोठा झाल्यावर कळले की चहा भूक मारतो, आणि भूक मारणे हे भूक भागवण्यापेक्षा स्वस्त पडते. त्या माउलीला मी तृष्णेवर प्रवचन द्यायचे काय? तिच्या कपात तृष्णा नव्हती, त्यात कमी मजुरी होती. आजही ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील कुटुंबांचा दिवस अंधारात, चहावरच सुरू होतो.

म्हणून दोष देताना तारतम्य हवे. हा चहा आपल्या पूर्वजांनी मागितलेला नव्हता. मळेवाल्यांचा माल खपावा म्हणून सरकारने १९०३ मध्ये चहावर कर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. बाजारात, स्टेशनांवर, गिरण्यांत फुकट चहा पाजून सवय लावण्यात आली. ज्यांच्याजवळ दूध नव्हते, सकाळची न्याहारी नव्हती, त्यांच्या घरात ही सवय अन्नाची जागा घेऊन बसली. माणसाची सवय त्याच्या एकट्याची नसते. तिच्यामागे बाजार असतो आणि दारिद्र्यही असते. हे न पाहता केवळ व्यक्तीला दोष देणे म्हणजे पुन्हा त्याच जुन्या कर्मसिद्धान्ताकडे जाणे होय.

पण दोष न देणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. आपल्या मुलांच्या बाबतीत तरी आपण डोळे उघडले पाहिजेत. शाळेत मी रोज पाहतो. पाच-सहा वर्षांचे मूल चहा आणि बटर खाऊन येते. त्याला ती न्याहारी वाटते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे सरकारी आरोग्य सर्वेक्षणात दिसले आहे. आपल्या जिल्ह्यात तर कुपोषण आणि सिकलसेल यांची भर आहे. चहातील टॅनिन अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात सांगितले आहे की जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, आणि दिवसाचे कॅफिन तीनशे मिलिग्रॅमच्या आत ठेवावे. आरोग्य केंद्रातून मिळालेली लोहाची गोळी आपल्या भगिनी पुष्कळदा चहाबरोबरच घेतात. मग ती गोळी घेऊनही रक्त वाढत नाही, आणि दोष गोळीला दिला जातो. साखरेचेही तसेच. कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांत दहा चमचे, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते. आणि बाहेरचे दहा रुपयांचे दोन कप रोज घेतले तर वर्षाचे सात हजार तीनशे रुपये होतात. एवढ्या पैशात मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघून वर अंडी आणि शेंगदाणेही येतील.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो.

चौथ्या दिवशी डोके हलके झाले. मी आबांकडे गेलो आणि सारे खरे सांगितले, गोळीची फजितीसुद्धा. आबा या वेळी हसले नाहीत. त्यांनी मला स्वतःची हकीगत सांगितली. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यांनी दारू सोडली होती. वीस वर्षांची दारू एका दिवसात सोडली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला, तिसऱ्या रात्री भिंतीवर नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. बायकोला वाटले, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणाले भगताला बोलवा. आबा म्हणाले, नाही, मी प्रतिज्ञा घेतली आहे. ते वाचले. “पण गुरुजी,” ते मला म्हणाले, “त्या दिवसांत दीक्षेच्या मांडवातला एकही माणूस माझ्या दारात आला नाही.”

मित्रहो, त्या वाक्याने मी खाली बसलो. सात कप चहा सुटताना ज्याने लेकरावर हात उगारायचा तेवढा बाकी ठेवला, तो मी विहारात बसून वीस वर्षांच्या व्यसनी माणसाला तोंड दाखवण्याच्या गोष्टी सांगत होतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती जिवाची आहे. चहा सुटल्याने डोके दुखते, पण माणूस मरत नाही. दारूचे तसे नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. हा भूतबाधेचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा प्रकार नाही, हा शरीराचा व्यवहार आहे, आणि त्याला औषध आहे. अशा माणसाला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडवली पाहिजे. हे जाणून न घेता आपण मांडवात शपथ देतो आणि घरी पाठवून देतो. तो पुन्हा प्यायला की म्हणतो, “याला धम्म कळलाच नाही.” त्याला कळला नाही की आपल्याला?

आपला जिल्हा दारूबंदीच्या चळवळींना नवखा नाही. १९३० च्या दशकात तळोद्याच्या भागात गुलाम महाराजांनी आदिवासी बांधवांना दारू सोडण्याची हाक दिली आणि माणसे हजारोंनी त्यांच्याकडे वळली. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा-तळोदा परिसरात श्रमिक स्त्रियांनी एकत्र येऊन दारूची मडकी फोडली. या चळवळींत एकटा माणूस एकटी शपथ घेत नव्हता. त्याच्या भोवती त्याच्यासारखीच दारू सोडणारी माणसे उभी होती. संघ म्हणजे दुसरे काय? बुद्ध आणि धम्म यांच्या बरोबरीने आपण संघाला शरण जातो, ते एकट्याने सारे जमत नाही हे तथागतांना ठाऊक होते म्हणून.

तेव्हा माझ्या अल्पमतीला जे सुचते ते मांडतो. हे नियम नव्हेत; पटले तर घ्या.

चहा हवा तर प्या, पण त्याला आपला मालक होऊ देऊ नका. वर्षातून एकदा स्वतःला तपासा. सोडायचा किंवा कमी करायचा असेल तर माझ्यासारखा एका दिवसात तोडू नका. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा, पत्ती थोडी कमी करा, पाणी भरपूर प्या; दोन आठवड्यांत शरीराला नवी घडी बसते आणि डोके फारसे दुखत नाही. सोणाने वीणेच्या तारेवरून मध्यम मार्ग शिकला, आपण किटलीवरून शिकू. डोकेदुखीच्या गोळीचे पाकीट वाचायची सवय लावा. डोकेदुखी एकाएकी भयंकर उठली, सोबत ताप, उलटी, हात-पाय लुळे पडणे असे काही असेल, तर चहाचे निमित्त न काढता दवाखाना गाठा. लहान मुलांना चहा देऊ नका; सकाळी भाकरी, शेंगदाणे, केळे, जे जमेल ते द्या. गरोदर भगिनींनी चहा मोजूनच घ्यावा, आणि लोहाची गोळी पाण्याबरोबर, चहापासून दूर घ्यावी. सिकलसेलच्या रुग्णांनी कोरडा उपवास करू नये. शील त्याची मागणी करीत नाही.

आणि शेवटची गोष्ट. आपल्या वस्तीत कोणी दारू सोडली असे कळले, तर त्या आठवड्यात त्याच्या घरी जा. पहिल्या रात्री जा, दुसऱ्या रात्री जा, तिसऱ्या रात्री नक्की जा. लागले तर त्याला गाडीत घालून दवाखान्यात न्या. उपदेशाचे एक वाक्यही बोलू नका. त्याच्याजवळ बसा. त्याच्या बायकोला सांगा की ही बाधा नाही. आमच्या विहारात आम्ही आता तसे ठरवले आहे. रात्री कोणी जायचे याची पाळी लावली आहे. पहिल्या पाळीसाठी आबांनी आपले नाव दिले, दुसरे मी दिले.

मी स्वतः आज दिवसाला दोन कप चहा घेतो, एक सकाळी आणि एक विहारात. उपोसथाच्या दिवशी घेत नाही, आणि आता डोके दुखत नाही. ज्या मुलावर ओरडलो होतो त्याला दुसऱ्या आठवड्यात वर्गासमोर सांगितले की चूक त्याची नव्हती, माझी होती. त्याने ते त्रैराशिक पुन्हा विचारले. मी पुन्हा समजावले.

परवा विहारात वाचन संपल्यावर किटली आली. आबांनी स्वतः कप भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “घ्या गुरुजी, आता प्या.” मी घेतला.

नमो बुद्धाय! जय भीम!